जपणुकीचा अतिरेक

गेल्या उन्हाळ्यांत माझ्या जुन्या गाडीच्या एंजिनाचें काम करून घ्यावें लागलें. सिलिंडर बोअर केले, पिस्टन व रिंगा नव्या घातल्या. गाडी ताब्यांत देतांना वृद्ध मिस्त्री म्हणाले, "सर, पळवूं नका, पण तिचे लाडहि करूं नका. लवकरच घाट चढवा." मला हें क्रौर्य वाटलें. आठ दिवस मी गाडी अंगणांतच मंद चालू ठेवीत असें, व त्यास काळजी हें नांव देत असें.

पुढें उलगडा झाला तो असा. सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा ठेवलेल्या असतात. ज्वलनाचा दाब रिंगेच्या मागें शिरून तिला भिंतीवर रेटतो. उभयतांचे उंचवटे झिजतात, आणि मगच ती घट्ट बसते. भार नसेल तर तेवढा दाबहि नाहीं; भिंतीला गुळगुळीत झिलई चढते व ऑईल जळत राहतें. उलटपक्षीं आरंभींच बेफाम भार घातला, तर उष्णतेनें पृष्ठभाग ओरखडतात. मिस्त्रींचें सांगणें बेताच्या, बदलत्या भाराचें होतें.

एंजिनाला वेदना नाहीं, माणसाला आहे. म्हणून हा दाखला विद्यार्थ्यांस लावतांना मी कचरतों. तथापि त्या आठ दिवसांत एंजिनाची काळजी किती आणि माझी स्वतःची भीति किती, हें मला अद्याप सांगतां येत नाहीं. पहिलें ऑईल काढलें तेव्हां त्यांत धातूचे चमकते कण होते. त्यानंतर कात्रजचा घाट चढलों. निळसर धूर अजून थोडा येतो.