वस्तूचें प्रयोजन आणि मनुष्याचा हेतु

वस्तूला प्रयोजन असतें, कीं तें ती हातीं धरणाऱ्या मनुष्याला असतें? हा प्रश्न वरवर पाहतां न्यायशास्त्राच्या वर्गांतच शोभणारा वाटेल. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो गेलीं पन्नासांहून अधिक वर्षें सरकारी कचेरींत विचारला जात आहे, आणि त्याच्या उत्तरावर एखादी परदेशी बंदूक बंदरांतून आंत यावयाची कीं नाहीं हें ठरत आहे. हा बंदुकांच्या षोकिनांचा घरगुती तंटा आहे, असें म्हणून वाचकांनीं तो बाजूस सारूं नये. कायद्यानें मनुष्याचा हेतु कसा ओळखावा, आणि ओळखतां येत नसेल तर काय करावें, हा सर्व समाजांपुढील पेंच त्यांत फार स्पष्टपणें उघडा पडला आहे.

या कथेचा आरंभ दुःखद आहे. १९६३ सालीं अध्यक्ष केनेडी यांचा वध ज्या बंदुकीनें झाला, ती इटलीच्या सैन्याच्या जुन्या सांठ्यांतली, टपालानें मागविलेली बंदूक होती. १९६८ सालीं मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले, आणि त्याच वर्षीं नवा कायदा झाला. त्यांत आयातीविषयीं एक कसोटी आहे. परदेशांतून येणारें शस्त्र क्रीडेच्या कामास विशेष योग्य, अथवा त्या कामास सहज लावतां येण्यासारखें आहे, असें सर्वसाधारणपणें मानलें जात असलें पाहिजे. क्रीडा या शब्दाचा अर्थ पुढें सरकारी खात्यानें शिकार आणि रीतसर भरविलेल्या नेमबाजीच्या शर्यती एवढाच लावला. रिकामे डबे मांडून ते टिपण्याची करमणूक त्यांत धरली नाहीं. देशांतच बनलेल्या शस्त्राला मात्र ही कसोटी लागू नाहीं.

आतां एक उदाहरण घेऊं. ऑस्ट्रियांतील स्टायर कारखान्याची ए. यू. जी. ही बंदूक त्या देशाच्या सैन्यानें १९७७ सालीं स्वीकारली. तिची ठेवण विलक्षण आहे. गोळ्यांची पेटी चापाच्या मागें, खांद्याला टेंकणाऱ्या दस्त्यांत बसविलेली असते. त्यामुळें नळी लांब राहूनहि एकंदर बंदूक आंखूड होते. नागरिकांसाठीं काढलेल्या सेमी-ऑटोमॅटिक प्रकारांत चाप एकदां ओढला म्हणजे एकच गोळी सुटते. दुसरी आपोआप नळींत चढते, परंतु चाप पुन्हां ओढल्यावांचून ती सुटत नाहीं. अशा बंदुका १९८० नंतर अमेरिकेंत येऊं लागल्या. पुढें १९८९ च्या जानेवारींत कॅलिफोर्नियांतील स्टॉक्टन शहरीं एका मनुष्यानें, ए. यू. जी. नव्हे, पण दुसऱ्या एका परदेशी सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीनें शाळेच्या पटांगणावर गोळ्या झाडून पांच मुलें ठार केलीं. त्याच वर्षीं ४३ जातींच्या बंदुकांची आयात बंद झाली, आणि त्यांत ए. यू. जी. ही होती. पिस्तुलासारखी मूठ, दुमडणारा दस्ता, संगीन अडकविण्याची सोय, नळीच्या तोंडची ज्वाला झांकणारें टोपण, अशा चिन्हांवरून बंदुकीची जात ठरविण्यांत आली.

चिन्हांवर बंदी आली म्हणजे कारागीर चिन्हें पुसतो. मुठीच्या जागीं अंगठा घालण्यापुरतें भोंक पाडलेले दस्ते आले, टोपणें गेलीं, बंदूक तीच राहिली. १९९८ सालीं लष्करी मोठी पेटी घेणाऱ्या अशा सुधारलेल्या बंदुकांसहि दार बंद झालें. तत्पूर्वीं १९९० सालीं, परदेशी सुटे भाग आणून निषिद्ध बंदूक देशांत जुळविण्यासहि मनाई झाली होती. त्याचा नियम असा कीं, ठरवून दिलेल्या २० भागांपैकीं १० हून अधिक परदेशी असतां कामा नयेत. म्हणजे अकरा परदेशी भाग असले तर गुन्हा, त्यांतला एक बदलून देशी घातला कीं सर्व यथास्थित! नागसेनानें मिलिंद राजाला विचारलें होतें कीं आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय. येथें त्या कूट प्रश्नाचें उत्तर अंकगणितानें दिलें आहे. पुढें ए. यू. जी. अमेरिकेंतच, आलाबामा संस्थानांत, बनूं लागली, आणि आयातीच्या कायद्याचा प्रश्नच उरला नाहीं. १९९४ पासून २००४ पर्यंत देशी बंदुकांवरहि अशाच चिन्हांची बंदी होती, आणि कांहीं संस्थानांचे कायदे आजहि कडक आहेत. पण संघराज्याच्या आयातनियमानें जें ओळखलें तें शस्त्राचें जन्मस्थान होय, हें लपत नाहीं.

स्टायरसारखा मोठा कारखाना परदेशांत शाखा काढूं शकतो. एखादी दुर्मिळ कार्बाइन थोड्याशा षोकिनांसाठीं आणूं पाहणाऱ्या लहान व्यापाऱ्याला तें कोठून साधावें? त्यानें दोन्ही देशांचे परवाने मिळवावे, नमुना तपासणीस द्यावा, दस्ता व पेटी बदलावी, देशी भाग घडवून घ्यावे, आणि हा सगळा खर्च मूठभर गिऱ्हाइकांवर वांटावा. एवढें करून जी वस्तु हातीं पडते, ती संग्राहकाला हवी असलेली मूळ वस्तु नसतेच.

आमचे नैयायिक लक्षणाचे दोष सांगतात. लक्ष्याबाहेर जें पसरतें तें अतिव्याप्त, आणि लक्ष्याच्या कांहीं भागास जें पोंचत नाहीं तें अव्याप्त. ही क्रीडेची कसोटी एकाच वेळीं दोन्ही दोषांनीं युक्त आहे. संग्रहाच्या कपाटांत राहणारी दुर्मिळ कार्बाइन ती अडविते, आणि तितकीच घातक देशी बंदूक तिला दिसतहि नाहीं. याचें मूळ कारण हेंच कीं प्रयोजन मनुष्याच्या मनांत असतें आणि कायदा तें लांकडांत व पोलादांत शोधूं लागतो.

मग षोकिनांचें म्हणणें सर्वस्वीं खरें मानावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ‘हेतु मनुष्याचा, शस्त्र निर्दोष’ हें त्यांचें वचन अर्धेंच खरें आहे. मनुष्याचें मन कोणाला उघडून पाहतां येत नाहीं, आणि जेथें मन दिसत नाहीं तेथें हातांतील सामर्थ्य मोजणें हा राज्याचा धर्मच ठरतो. एका मनुष्याचा राग काठीनें एकाला इजा करील. तोच राग भरलेल्या मोठ्या पेटीनें वर्गभर मुलांना मारील. संग्राहकाच्या कपाटांत एक खण रिकामा राहिला तर त्याचें नुकसान होतें, तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु स्टॉक्टनच्या पांच घरांतील रिकाम्या जागेशीं तें एका तागडींत घालतां येणार नाहीं. शिवाय दुर्मिळतेची ओढ मनाईनें वाढते, आणि वाढलेल्या ओढीला हक्काचें नांव देणें सोपें असतें.

तथापि राज्याचा धर्म मान्य केला म्हणजे त्याची भाषा मान्य केली असें होत नाहीं. आपल्या देशांत १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें आमच्या आजोबा-पणजोबांना परवान्याची अट घातली आणि युरोपियनांना तींतून मोकळें ठेवलें. शांततेचें कारण पुढें करून तेथें वास्तविक मनुष्याचें कूळ विचारलें जात होतें. त्या अन्यायाची आणि या आयातनियमाची बरोबरी आम्ही करीत नाहीं. परंतु सांगितलेलें कारण एक आणि लावलेली कसोटी दुसरी असली म्हणजे लोकांचा कायद्यावरील विश्वास कसा उडतो, हें आपण तेव्हां अनुभवलें आहे.

म्हणून आमचें मत असें कीं शस्त्राला दोनच प्रश्न विचारावे: तें किती प्राण किती वेगानें घेऊं शकतें, आणि तें कोणाच्या हातीं जात आहे? उत्तर भयंकर असेल तर तें देशी असो वा परदेशी, अडवावें, आणि भयास्तव अडवीत आहों असें स्पष्ट सांगावें. तसें नसेल तर षोकिनाला त्याचा निरुपद्रवी षोक पुरवूं द्यावा. अंगठ्याचें भोंक आणि दहा भागांचा हिशेब यांनीं कोणाचाहि प्राण वांचल्याचें आम्हांस दिसत नाहीं. त्यांनीं नागरिकाला एवढेंच शिकविलें कीं कायदा पाळणें म्हणजे त्याला चुकविण्याची वाट हुशारीनें शोधणें. ही शिकवण बंदुकीपाशीं थांबत नाहीं. करभरणीपासून न्यायासनापुढील साक्षीपर्यंत ती मनुष्याबरोबर जाते. तेव्हां हेतूविषयीं नागरिकाची परीक्षा घेऊं पाहणाऱ्या राज्यानें आपला स्वतःचा हेतु आधीं उघड बोलून दाखवावा, हेंच न्यायाचें आहे.