सामाईक आणि बेवारस

सप्टेंबर १९५१ मध्ये आचार्य विनोबा भावे पवनारच्या आश्रमातून पायी निघाले आणि नोव्हेंबरमध्ये दिल्लीला पोहोचले. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या आराखड्याची चर्चा तेव्हा चालू होती. नियोजन मंडळाशी त्यांनी बोलावे यासाठी पंडित नेहरूंनी त्यांना निमंत्रण दिले होते. दिल्लीत त्यांचा मुक्काम राजघाटावर झोपडीत होता. त्याच वर्षीच्या १८ एप्रिलला तेलंगणातील पोचमपल्ली येथे हरिजनांनी ८० एकर जमीन मागितली होती आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली होती. दिल्लीच्या वाटेवरही विनोबा गावोगाव तेच मागणे मागत आले. या मागण्याच्या मुळाशी एक साधा दृष्टान्त होता. हवा, पाणी आणि सूर्यप्रकाश ही ईश्वराची देणगी आहे, म्हणून त्यांवर कोणाचीही मालकी नाही. जमीनही तशीच देणगी आहे, म्हणून तीही सर्वांची असली पाहिजे.

सत्तरांहून अधिक वर्षांनंतर त्याच राजधानीत हा दृष्टान्त उलटा होऊन समोर येतो. जिची सरकारी दप्तरात कोणाच्या ना कोणाच्या नावे नोंद आहे ती जमीन दिल्लीत डोळ्यांत तेल घालून राखली जाते. ज्यांच्यावर कोणाचीच मालकी नाही, ती हवा आणि ते पाणी मात्र नासले आहे. दरवर्षी शरद सरता सरता या शहरावर धुराचे सावट उतरते, शाळा बंद ठेवाव्या लागतात आणि प्रत्यक्ष सूर्यप्रकाशही मळकट होतो. यमुनेची लांबी सुमारे १,३७६ किलोमीटर असून वजिराबाद ते ओखला हा तिचा दिल्लीतील प्रवाह अवघा २२ किलोमीटरांचा, म्हणजे एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. तथापि तिच्या प्रदूषणाचा सर्वांत मोठा वाटा याच पट्ट्यात तिला मिळतो. यमुना कृती योजना १९९३ मध्ये सुरू झाली, तरी कालिंदी कुंजजवळच्या पाण्यावर पांढरा फेस तरंगतच राहिला. अशा स्थितीत जमीन हवेपाण्यासारखी व्हावी ही प्रार्थना कोणी दिल्लीत उच्चारली, तर ती शापासारखी ऐकू येईल.

मग विनोबांचा दृष्टान्त चुकीचा होता काय? हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा किंवा पर्यावरणाचा नाही. अध्यात्माने जगाविषयी जे आश्वासन दिले आहे त्याच्या सत्यतेचा तो प्रश्न आहे. स्वतःतील आणि इतरांतील तत्त्व एकच आहे, ही जाणीव ज्याला झाली त्याचे ‘माझे’ गळून पडते आणि सर्व काही ‘सर्वांचे’ होते, असे आपल्या संतपरंपरेने शिकविले. विनोबा त्याच परंपरेतले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर मराठीतून प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. कर्म आणि आत्मज्ञान यांची फारकत होऊ न देणे हे त्या चिंतनाचे मुख्य सूत्र आहे. भूदान हा त्याच सूत्राचा सामाजिक आविष्कार होता. ‘तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा’ या आशयाचे त्यांचे मागणे भिक्षेचे नव्हते. नात्याची ओळख पटवून हक्काचा वाटा मागणारे ते होते. परंतु ‘माझे’ गळून पडल्यावर उरते ते ‘सर्वांचे’ असते की ‘कोणाचेच नाही’ असे असते, हे त्या ओळखीने आपोआप ठरत नाही. ‘बारभाईची शेती, काय लागेल हाती’ ही म्हण मराठी माणसाने अनुभवाअंतीच घडविली आहे. अमेरिकेतील गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक कुरणाच्या नाशाविषयी जो गाजलेला निबंध लिहिला, त्याचे सार या म्हणीत अगोदरच आलेले आहे.

यावर एक उत्तर असे दिले जाते की, जाणिवेच्या गोष्टी बाजूला ठेवाव्यात. शासन आणि कायदा यांनीच हे काम करावे. या उत्तरात तथ्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये आदेश दिला आणि २००२ च्या अखेरीपर्यंत दिल्लीतील सार्वजनिक बसगाड्या डिझेलऐवजी सीएनजीवर धावू लागल्या. हे निव्वळ हृदयपरिवर्तनाने झाले नसते. परंतु पुढील इतिहास कायद्याची मर्यादाही दाखवितो. प्रदूषणाच्या पायऱ्यांनुसार निर्बंध घालणारी योजना २०१७ मध्ये लागू झाली, राजधानी क्षेत्राच्या हवेसाठी २०२१ च्या कायद्याने स्वतंत्र आयोग स्थापन झाला, तरी धुराचे सावट उतरायचे थांबले नाही. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना कायद्याच्या दृष्टीने व्यक्तीचा दर्जा दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. नदीला व्यक्ती मानले, तरी तिच्या वतीने रोज उभे कोणी राहायचे हा प्रश्न शिल्लक राहतोच. कायद्याला अपराधी आणि पीडित असे दोन पक्ष लागतात. दिल्लीच्या धुरात हे दोन्ही पक्ष बहुधा एकाच देहात नांदतात. मोटार चालविणारा आणि खोकणारा माणूस एकच असतो.

दुसरे उत्तर याच्या नेमके विरुद्ध टोकाचे आहे. माणसाचे मन बदलले की जग बदलते, असे ते सांगते. या उत्तराची सर्वांत मोठी परीक्षा भूदानानेच घेतली. १९५७ पर्यंत पाच कोटी एकर जमीन मिळविण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात ४० लाख एकरांहून अधिक जमीन दानात आली. कोणत्याही सक्तीविना इतकी जमीन हस्तांतरित करण्याचे वचन माणसांनी द्यावे, ही घटना सामान्य नव्हे. मात्र दानातील पुष्कळ जमीन खडकाळ किंवा वादग्रस्त निघाली, बरीचशी वाटलीच गेली नाही, आणि जिथे वाटली गेली तिथेही नव्या धन्याला बी-बियाणे, बैल, विहीर यांचा आधार नेहमीच मिळाला असे नाही. टीकाकारांनी याला भाबडेपणाचे फळ म्हटले. सूक्ष्मपणे पाहिले तर वेगळाच निष्कर्ष निघतो. दात्याच्या मनातील तो क्षण पुष्कळदा खरा होता. त्या क्षणानंतर यायला हवी होती ती मोजणी, नोंद, बांधबंदिस्ती, पाणी आणि शेजाऱ्यांची साथ. तिथे साखळी तुटली. जाणीव एका क्षणी होऊ शकते. जग मात्र क्षणात घडत नाही, ते पाळीपाळीने घडवावे लागते.

‘पाळी’ हा शब्द येथे मुद्दाम लक्षात घेण्यासारखा आहे. मराठी खेड्यात विहीर सामाईक असते, बांध सामाईक असतो. परंतु सामाईक म्हणजे बेवारस असा अर्थ तिथे कोणी घेत नाही. सामाईक विहिरीला पाण्याच्या पाळ्या असतात, गाळ काढण्याचे वाटे असतात, आणि पाळी मोडणाऱ्याला चार माणसांत जाब द्यावा लागतो. ज्या पांझरा नदीच्या काठी धुळे वसले आहे, तिच्या खोऱ्यात फड पद्धतीची परंपरा आहे. बंधाऱ्याचे पाणी अनेक शेतकऱ्यांचे, जमीन ज्याची त्याची. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे मात्र सर्वांनी मिळून ठरवायचे, पाटकऱ्याने पाणी फिरवायचे, जागल्याने पीक राखायचे. ज्या तुरुंगात गीतेतील कर्मयोगाचे विवरण झाले त्याच मुलखात अशिक्षित म्हणवले जाणारे शेतकरी कर्मयोगाची ही सामुदायिक रीत चालवीत होते. अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जगभरच्या अशा व्यवस्थांचा अभ्यास मांडला. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले आणि स्वतःच त्यांची राखण केली, तर सामाईक संपत्ती टिकू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव या विचाराचे आजचे उदाहरण आहे. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार आणि आमच्या गावात आम्हीच सरकार, ही या गावाची घोषणा सर्वश्रुत आहे. तिथे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात. निर्णयापूर्वी प्रश्न समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसतो. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये ग्रामसभेला आपल्या जंगलातील बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार प्राप्त झाला आणि २०१३ मध्ये गावाने शेतजमिनी ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा, म्हणजे ग्रामदानाचा, निर्णय घेतला. येथे जंगल सर्वांचे आहे म्हणून ते राखण्याची जबाबदारीही सर्वांची आहे. मालकी सोडण्याबरोबर राखणीचा भार उचलणे येथे गृहीत धरलेले आहे. अध्यात्म हा शब्द न उच्चारता अध्यात्माचा एक महत्त्वाचा अर्थ येथे आचरणात येतो.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. मेंढ्यात माणसे एकमेकांना नावाने ओळखतात. दिल्लीसारख्या महानगरात शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. तिथे पाळी कोणी कोणाशी लावायची? शंका खरी आहे आणि तिचे तयार उत्तर कोणापाशी नाही. परंतु अपरिचयामुळे संबंध नाहीसा होत नाही, तो फक्त दिसेनासा होतो. भूजल वाचविण्यासाठी पंजाबने २००९ मध्ये कायदा करून भाताची लावणी पुढे ढकलली. साहजिकच कापणीही पुढे गेली. भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये शेतकऱ्याला थोडेच दिवस उरले, आणि वारे मंदावलेल्या काळात खुंट जाळले जाऊ लागले. दिल्लीच्या धुरात वाहनांचा, बांधकामांचा, कारखान्यांचा वाटा आहेच. त्यात या धुराची भर पडते. म्हणजे पाणी वाचविण्याच्या सद्हेतूने हवा बिघडविण्यास हातभार लावला. ज्या धान्यासाठी हे सारे घडते, ते शहरांच्याच ताटात येते. अशा वेळी शेतकऱ्याकडे बोट दाखविणारा नागरिक त्या साखळीतील स्वतःची कडी विसरलेला असतो.

ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरीच्या समाप्तीला विश्वात्मक देवाकडे जे दान मागितले, त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्या ठायीचा वाकडेपणा जावा असे मागितले आहे. या मागण्याचा अर्थ दिल्लीच्या संदर्भात फार नेमका होतो. येथे शोधून काढावा असा कोणी एक दुष्ट नाही. वाकडेपणा माणसामाणसांमधल्या संबंधांत, त्यांच्या दृष्टिआड झालेल्या साखळीत आहे. ती साखळी डोळ्यांना दिसू लागणे ही आध्यात्मिक जाणिवेची पहिली पायरी होय. पंजाबच्या शेतात, यमुनेच्या नाल्यात आणि स्वतःच्या घराच्या धुराड्यात एकच कर्तृत्व काम करीत आहे हे ज्याला कळले, त्याला ‘विश्व’ हा शब्द केवळ मनन करण्याचा विषय म्हणून ठेवता येत नाही. आपण जे जग भोगतो ते आपणच घडवीत असतो, चांगलेही आणि वाईटही.

या दृष्टीने पाहता विनोबांचा दृष्टान्त चुकीचा ठरत नाही. तो अर्धा उरतो. जमीन हवेपाण्यासारखी सर्वांची असावी, हा त्याचा पूर्वार्ध आहे. हवा आणि पाणी जमिनीसारखे कसले, राखले आणि पुढच्या पिढीच्या हाती दिले जावे, हा उत्तरार्ध. पूर्वार्धासाठी देण्याची उदारता लागते आणि ती माणसांत आहे, हे १९५१ च्या पदयात्रेने सिद्ध केले. उत्तरार्धाला उदारता पुरेशी नाही. त्याला पाळी चुकू न देणारी, कंटाळवाणी, अनाम निष्ठा लागते, आणि ती एकट्याने पाळता येत नाही, कारण पाळी हा शब्दच दुसऱ्या माणसाला गृहीत धरतो.