आमच्याकडे तर चालतंय

गेल्या उन्हाळ्यात महिनाभर घरून काम करायची परवानगी घेतली आणि पुण्याहून हिवरखेडला गेलो. मे महिना. अकोला जिल्ह्यात मे म्हणजे काय ते सांगायला नको. पारा ४५च्या पुढे, आणि दुपारी बारा ते चार गावात कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही.

संत्र्याच्या ओळींमधलं गवत कापायला बाबांनी एक जुनं पेट्रोलचं मशीन घेतलं होतं. फोर-स्ट्रोक, एक सिलेंडर, दोरी ओढून सुरू करायचं आणि ढकलत न्यायचं. ते चालवायचे मामा. नात्याने मामा नाहीत. पण आमच्या शेतात रोजाने काम करताना त्यांनी मला लहानाचं मोठं होताना पाहिलंय, म्हणून मामा.

तीन दिवस मी एकच दृश्य पाहत होतो. अर्धा तास मशीनचा आवाज येतो, मग बंद. मामा धुऱ्यावरच्या निंबाखाली बसलेले. पाऊण तासाने पुन्हा आवाज. पुन्हा बंद. चौथ्या दिवशी मी पाणी घेऊन गेलो. त्यांचा शाळकरी नातूही तिथे होता. मी विचारलं, काय झालं?

"तपलं का मरते हे, भाऊ. घटकाभर सावलीत ठेवलं का पुन्हा चालू होते. पेट्रोलात पाणी असन."

मी हसून म्हणालो, "मामा, इंजिन तपतं की तुम्ही?"

नातू हसला. मामा हसले नाहीत.

संध्याकाळी मशीन अंगणात आणलं. एका ओढीत सुरू झालं. दहा मिनिटं चालवलं, आवाज एकसारखा, धूर नाही. बंद केलं आणि बाबांना सांगितलं, "मशीन ठीक आहे. मी चेक केलं." बाबा जेवताना म्हणाले, मग उद्यापासून उक्तं देऊन टाकू, ओळीवर पैसे.

तेव्हा मला ते वाक्य फारसं ऐकूही आलं नाही. पण त्याचा अर्थ साधा होता. मशीन जितका वेळ बंद, तितका वेळ मामांची मजुरी बंद. मी मशीनला निर्दोष ठरवलं, आणि ते ठरवतानाच एका माणसाला कामचुकार ठरवून टाकलं होतं. पुरावा? सहा वाजता, अंगणात, थंड इंजिनवर घेतलेली दहा मिनिटांची चाचणी.

ही चूक माझ्या ओळखीची होती, याची लाज जास्त वाटते. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. कोणीतरी तक्रार करतं की अमुक स्क्रीनवर ॲप बंद पडतं. आम्ही ऑफिसच्या वायफायवर, नव्या फोनवर, तीन नोंदींच्या नमुना डेटावर तेच करून पाहतो आणि लिहितो, "आमच्याकडे तर चालतंय." तक्रार बंद. तक्रार करणाऱ्याचा फोन चार वर्षं जुना आहे, नेटवर्क एक काडी आहे आणि त्याच्याकडे दहा हजार नोंदी आहेत, हे विचारायचं राहून जातं. दोष ज्या परिस्थितीत दिसतो ती परिस्थितीच चाचणीतून काढून टाकली, तर चाचणी काहीच सांगत नाही. ती फक्त तपासणाऱ्याला आत्मविश्वास देते.

दुसऱ्या दिवशी मामांनी वाद घातला नाही. हँडल माझ्या हातात दिलं. "तुमीच चालवून पाहा ना मंग."

दुपारी एक वाजता मी सुरुवात केली. पंचवीस मिनिटांनी इंजिन दोन गचके देऊन मेलं. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. मी निंबाखाली जाऊन बसलो, मामा बसायचे तिथेच.

मग शोध सुरू झाला. तापल्यावर बंद पडणाऱ्या छोट्या इंजिनात संशयित मोजकेच असतात. टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक छिद्र असतं. ते बुजलं की पेट्रोल कमी होईल तशी आत पोकळी तयार होते आणि कार्ब्युरेटरकडे पेट्रोल उतरत नाही. दुसरा संशयित व्हॉल्व्ह. त्याच्या दांड्याशी साधारण मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी फट ठेवलेली असते. ती कमी झाली की तापून लांबलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन जातं, दोरी हलकी लागते. तिसरा संशयित इग्निशन कॉइल. तिच्यातली केसासारखी तांब्याची तार उष्णतेने प्रसरण पावते, कुठे तडा असेल तर तिथे तुटते, ठिणगी जाते. गार झाली की टोकं पुन्हा जुळतात.

मी झाकण सैल केलं, इकडेतिकडे पाहिलं, पाणी प्यायलो, दोरी ओढली. सुरू! छिद्र साफ केलं आणि विजयी मुद्रेने जाहीर केलं, झाकणच होतं. वीस मिनिटांनी पुन्हा बंद. झाकणाने काही केलंच नव्हतं. मी पाणी पीत होतो तेवढ्या वेळात इंजिन थोडं निवलं होतं. न्यायशास्त्रात याला 'उपाधी' म्हणतात. आग दिसली म्हणून धूर असेलच असं नाही, धुरासाठी लाकूड ओलं असावं लागतं. कारण म्हणून आपण एकाकडे बोट दाखवतो आणि खरं काम दुसरंच कोणीतरी करत असतं.

शेवटी बंद पडल्या क्षणीच, गरम असतानाच, मशीन सावलीत ओढलं. प्लग काढला, पेट्रोलपासून लांब इंजिनच्या धातूला टेकवला, मामांनी दोरी ओढली. ठिणगी नाही. पाऊण तासाने तेच केलं. निळी, कडक ठिणगी. कॉइल.

"दोरी तर जडच लागत होती," मामा सहज म्हणाले. म्हणजे व्हॉल्व्हचा संशय त्यांच्या हाताने कधीच मिटवला होता. मी विचारलंच नव्हतं.

मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ साली ज्ञानाच्या बाबतीतल्या अन्यायावर एक पुस्तक लिहिलं. त्यातला एक मुद्दा असा की ऐकणाऱ्याच्या मनातल्या पूर्वग्रहामुळे बोलणाऱ्याच्या शब्दाची किंमत कमी धरली जाते, आणि तो अन्याय त्या माणसाच्या जाणता असण्यावरच होतो. आपल्याकडे ही गोष्ट फार आधी उलट बाजूने सांगून झाली आहे. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलंय, पण तो आप्ताचा शब्द हवा. आप्त म्हणजे ज्याने गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे, असं वात्स्यायनाने न्यायसूत्रावरच्या भाष्यात म्हटलंय. त्यात डिग्रीची अट नाही. त्या इंजिनच्या बाबतीत आप्त एकच होता आणि तो निंबाखाली बसलेला होता.

तुम्ही म्हणाल, मामांचंही चुकलंच की. पेट्रोलात पाणी नव्हतं. खरं आहे. पण त्यांच्या बोलण्यात दोन वाक्यं वेगळी होती. "तपलं का मरते" हे पाहिलेलं. "पाणी असन" हा अंदाज. अंदाज तपासावा, त्यात कोणाचा अपमान नाही. माझा झाकणाचा अंदाजही तपासल्यावर पडलाच. पण मी अंदाजाबरोबर पाहिलेलंही फेकून दिलं होतं. माझ्या टीम लीडने तेच वाक्य सांगितलं असतं तर मी पहिल्या दिवशीच भर दुपारी मशीन चालवून पाहिलं असतं. हा फरक इंजिनिअरिंगचा नाही.

अकोटहून नवी कॉइल आणली, बसवली. उक्त्याचा विषय बाबांना सांगून बंद केला. राहिलं ते वाक्य. एकट्यात माफी मागणं सोपं होतं, पण ते वाक्य मी एकट्यात बोललो नव्हतो. म्हणून नातू असताना, त्याच निंबाखाली म्हणालो, "मामा, तुमचं बरोबर होतं. मी न पाहता बोललो."

नातू माझ्याकडे पाहत राहिला. मामा म्हणाले, "चालते आता," आणि दोरी ओढली. ते मशीनबद्दल बोलले की आमच्याबद्दल, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

जुनी कॉइल मी पुण्याला घेऊन आलो. ती टेबलावर, लॅपटॉपशेजारी असते. एसीच्या गारव्यात तिला मल्टिमीटर लावला तर आकडा अगदी बरोबर दाखवते.