खुणांची वही

आमच्या कारंज्याच्या गुरुमंदिरातली आरती संपली की घरी जायची घाई नसलेल्या चार बाया ओसरीवर टेकतात. परवा तिथं आमच्या गल्लीतल्या पोरीचा विषय निघाला. ती जर्मनीत आहे, अपंग मुलांच्या शाळेत, वर्षभराच्या सेवेसाठी. पगार नाही, राहायला खोली, जेवण आणि हातखर्चाला थोडे पैसे. जर्मनीनं २०११ मध्ये सक्तीची लष्करभरती थांबवली. तोवर बंदूक हाती घ्यायला नकार देणारे तरुण त्याऐवजी दवाखान्यांत, वृद्धाश्रमांत, अपंगांच्या संस्थांत राबत. ते हात एकाएकी कमी झाले, म्हणून सरकारनं ऐच्छिक सेवेची योजना काढली. त्यात परदेशातल्या तरुणांनाही घेतात. कारंज्याची पोरगी तिथं पोचली ती अशा आडवाटेनं.

"जर्मनीले जाचं काम काय? इथं काय लेकरं कमी हायेत?" एक आजी म्हणाल्या.

प्रश्न खोटा नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर टाकून दिलेली अपंग लेकरं सांभाळतात. कागदावर बापाच्या जागी स्वतःचं नाव लावतात. अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडा, असं कायदा म्हणतो. बाबा म्हणतात, ही लेकरं जातील कुठं? २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तरी त्यांचं मागणं तेच आहे. तिथं सेवेला वर्षाची मुदत नसते. त्यापुढं बारा महिन्यांची परदेशवारी मला आधी जरा हौसेचीच वाटली होती, हे कबूल करतो.

मग तिनं फोनवर चमच्याची गोष्ट सांगितली.

पहिल्याच आठवड्यात एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाला जेवू घालायचं काम तिच्याकडं आलं. चाकाच्या खुर्चीत बसणारा, बोलता न येणारा, समजतं मात्र सगळं. हिनं घरी धाकट्या भावाला भरवायची तसा सपाटा लावला. त्यानं तोंड गच्च मिटलं. हिला वाटलं, हट्ट. लाडीगोडी लावून चमचा ओठाशी नेला, त्यानं मान वळवली, सूप त्याच्या सदऱ्यावर सांडलं. पलीकडची एक मुलगी हसत काहीतरी म्हणाली. हिला ते कळेना. जर्मनची परीक्षा पास होऊन गेली होती, पण परीक्षेतली भाषा आणि जेवणाच्या टेबलावरची भाषा यांत शाळेतलं मराठी आणि आपली वऱ्हाडी यांच्याएवढं अंतर. "काका, टेबलाशी मुके दोघं होतो," ती म्हणाली, "आणि त्यातला हुशार तो होता."

आठेक दिवसांनी तिला उमगलं. तोंड मिटलं म्हणजे थांब, गिळतोय. खिडकीकडं बघितलं म्हणजे पाणी. सूप सांडलं त्या दिवशी पोरगा बिचारा दोन्ही सांगत होता.

खुणांचं ऐकून मला आमच्या गावचीच एक कथा आठवली. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. गुरुचरित्रातली कथा इथं पोरासोरांना पाठ असते. माधव आणि अंबा यांचा नरहरी, म्हणजे लहानपणीचे नृसिंह सरस्वती, सात वर्षांचा होईतो ॐ सोडून काही बोलेना. गाव म्हणे, मुक्या पोराची मुंज कशाला, गायत्री कोणाला शिकवणार? मुंज झाली आणि आईनं भिक्षा घालताच त्याच्या तोंडून वेद आले. आपण हात जोडतो ते तिथं. माझं मन अलीकडं त्याच्या थोडं आधी घुटमळतं. मुंजीआधी त्या मुलानं हातांच्या खुणांनी आईला सांगितलं होतं, की जानवं घाला, मग बोलेन. गावाला ते मूल मुकंच होतं. अंबेला खुणा वाचता येत होत्या. आणि खरं सांगायचं तर पुढं वेद म्हणणारी मुलं पोथीत भेटतात. गल्लीतली मुलं बहुधा खुणांवरच राहतात, आणि त्यांच्या आया जन्मभर दुभाष्याचं काम करतात.

पोरीची मुदत आता महिनाभरात संपेल. आजींचा प्रश्न मी तिला जसाच्या तसा विचारला. ती रागावली नाही. म्हणाली, "इथं असते तर मला सगळं कळतं असं समजूनच भरवत राहिले असते."

तिनं एक वही केली आहे. तिच्यानंतर येईल त्या स्वयंसेवकासाठी, त्या मुलाच्या खुणांची. जर्मनमध्ये लिहिली आहे आणि त्या हसऱ्या मुलीनं व्याकरण दुरुस्त करून दिलं आहे. फोनच्या पडद्यावर पानं उलटून दाखवत होती. डावीकडं खूण, उजवीकडं अर्थ. तोंड मिटणं. खिडकी. खांदा उचलणं म्हणजे पाठ दुखतेय. शेवटच्या पानावर एका ओळीत डावी बाजू लिहिलेली, 'दोन बोटांनी टेबलावर तीनदा टकटक, फक्त शुक्रवारी.' उजवीकडं कोरं.

"हे काय?" मी विचारलं.

"नाही कळलं अजून," ती म्हणाली. "चार शुक्रवार आहेत."