खरेदीखतातला आकडा

पुणे महापालिकेच्या हद्दीत ८० लाखांचा फ्लॅट पुरुषाच्या नावाने घेतला, तर ७ टक्क्यांनी ५ लाख ६० हजार रुपये मुद्रांक शुल्क होते आणि त्यावर ३० हजार रुपये नोंदणी फी. स्त्रीच्या नावाने घेतल्यास शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. इमारतीचे काम चालू असेल, तर ५ टक्के जीएसटीचे आणखी ४ लाख. आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचे कर्ज ओतून घर घेणाऱ्या माणसाला ही रक्कम टोचते, कारण तिच्यातून एक वीटही वाढत नाही. म्हणून खतात किंमत सरकारी रेडी रेकनरच्या दरापुरती लिहायची आणि उरलेले रोख द्यायचे, या व्यवहाराला ‘पैसे वाचवणे’ असेच नाव पडले आहे. एरवी पै-पैचा हिशेब चोख ठेवणारी माणसेही त्याला पाप मानत नाहीत. फार तर पकडले गेल्यास गुन्हा. माझे म्हणणे असे की हा दोष करचुकवेगिरीपेक्षा खोल आहे. ती खोटी साक्ष आहे, आणि जिच्यावर आपली स्वतःची मालकी उभी असते त्याच साक्षीत ती मिसळली जाते.

मालकी कुठून येते, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. जंगल तोडून जमीन लागवडीला आणणाऱ्याचे शेत, असे मनुस्मृती म्हणते. श्रमातून हक्क ही कल्पना पाश्चात्त्यांनाही इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकमुळे परिचित आहे. पण आजचा घर घेणारा जंगल तोडत नाही. दुसऱ्याकडून हक्क घेतो, आणि हक्क काही किल्लीसारखा हातात ठेवता येत नाही. कल्याणीच्या चालुक्य दरबारातल्या विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त मालकी लौकिक आहे, म्हणजे ती लोकांच्या व्यवहारातून कळते, असा पक्ष घेतला. जमिनीच्या हस्तांतरणाला गाव, भाऊबंद, शेजारी आणि वारस यांची संमती लागते, सोबत सुवर्ण व उदक द्यावे लागते, हे वचन त्याने उद्धृत केले आणि कारणेही सांगितली. शेजाऱ्यांची संमती बांधाचे तंटे टळावेत म्हणून. गावाची संमती मात्र व्यवहार उघड व्हावा म्हणून. हे कारण मला विलक्षण वाटते. विकणाऱ्याने दिले आणि घेणाऱ्याने घेतले, एवढ्याने जमीन हलत नाही. चारचौघांना कळले पाहिजे. मराठी राज्यात वतनाचा तंटा गोतसभेपुढे यायचा, निवाड्याचा महजर व्हायचा आणि जिंकणारा सरकारला हरकी नावाचे शुल्क भरायचा. इंग्रजी अमलात गोतसभेची जागा दुय्यम निबंधकाने घेतली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्ताशिवाय होत नाही असे ठरवले, आणि अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त न्यायालय पुरावा म्हणून घेत नाही. मुखत्यारपत्रावर झालेल्या ‘विक्री’ने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा बजावले. साधने बदलली, तत्त्व तेच राहिले: माझे घर माझे आहे, कारण उरलेल्या सर्वांनी ते तसे मानायचे कबूल केले आहे.

असे असेल तर खरेदीखत हे दोघांमधले कागदपत्र राहत नाही. ते सगळ्या समाजाला उद्देशून केलेले विधान ठरते, आणि त्यातला आकडा हा त्या विधानाचा भाग. जैन परंपरेने हे नेमके ओळखले होते. ‘तत्त्वार्थसूत्रा’त गृहस्थाच्या सत्यव्रताचे दोष सांगताना खोटा लेख करणे, म्हणजे कूटलेखक्रिया, वेगळी नोंदवली आहे, आणि राज्याचे नियम ओलांडून व्यवहार करणे हा अस्तेयाचा दोष मानला आहे. व्यापाऱ्यांमध्ये रुजलेल्या धर्माने तोंडच्या खोट्याशेजारी कागदावरच्या खोट्याला स्वतंत्र जागा दिली, हे मला महत्त्वाचे वाटते. बोललेले खोटे ऐकणाऱ्यापाशी थांबते. लिहिलेले खोटे पुढे ज्याला ज्याला तो कागद वाचावा लागेल, त्या सगळ्यांना फसवते.

यात कोणाचे नुकसान झाले, असे विचारले जाते. सरकारचे थोडेसे, आणि सरकार तरी कुठे शुद्ध आहे? पण नुकसान सरकारपाशी थांबत नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा मोबदला ठरवताना बाजारभाव शोधतो तो मुद्रांकासाठी ठरवलेल्या दरांत आणि आधीच्या तीन वर्षांत आसपास नोंदल्या गेलेल्या खरेदीखतांत. यांतला जो भाव जास्त, तो धरला जातो. त्याला ग्रामीण भागात गुणक लागतो आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम. शहराच्या कडेला बंगल्यासाठी प्लॉट घेणाऱ्यांनी वर्षानुवर्षे निम्म्या किमतीची खते केली, आणि मग तिथून महामार्ग गेला, तर शेजारच्या शेतकऱ्याच्या हाती त्या निम्म्या किमतीवरचा मोबदला पडतो. खतांत लपवलेला प्रत्येक रुपया त्याचे दोन किंवा अधिक रुपये घेऊन जातो. त्याने स्वतः कोणाशी खोटेपणा केलेला नसतो. न्यायालयात तो खरा भाव सांगू लागला, तर त्याच्यापुढे शेजाऱ्यांच्या सह्यांचे दस्त ठेवले जातात. गावाची संमती उघडपणासाठी, हे विज्ञानेश्वराचे कारण इथे उलट्या बाजूने खरे ठरते.

शिवाय हे खोटे एका व्यवहारात संपत नाही. एक कोटीचे घर ७५ लाखांच्या खताने घेणारा शुल्कात पावणेदोन लाख वाचवतो. पण त्याची खरेदी किंमत कायमची ७५ लाखच राहते. उद्या विकताना कागदोपत्री नफा २५ लाखांनी फुगलेला दिसतो, आणि त्यावरचा कर टाळायला त्याला पुढच्या खरेदीदाराकडे रोख मागावीच लागते. एकाचे खोटे दुसऱ्यावर सक्ती म्हणून येते. बँक कर्ज देते ते खतातल्या किमतीवर. त्यामुळे ज्याच्याकडे रोख नाही असा पगारदार या साखळीत एक तर घराला मुकतो किंवा दागिने मोडतो. विक्रेत्याने किंवा बिल्डरने अडवल्यामुळे असे करणाऱ्याचा दोष मी अडवणाऱ्याइतका मानत नाही. ज्याच्या हाती व्यवहार रोखण्याची ताकद, त्याच्यावर भार अधिक.

सगळ्यात कठीण आक्षेप वेगळा आहे, आणि तो मराठी वाचकाने नीलकंठ भट्टांच्या तोंडून ऐकावा. मूळ पैठणच्या घराण्यातल्या, काशीत राहिलेल्या या सतराव्या शतकातल्या पंडिताने ‘व्यवहारमयूखा’त सांगितले की राजा पृथ्वीचा मालक नाही; जमीन ज्याची त्याची, राजाला रक्षणापोटी फक्त कर घेण्याचा अधिकार. मग रक्षण होत नसेल तर? आपले नोंदणी कार्यालय दस्त नोंदते, मालकी खरी असल्याची हमी देत नाही. सात टक्के भरूनही टायटल सर्चसाठी वकील लावावा लागतो, आणि तीस वर्षांच्या मागचा कोणी वारस उभा राहिला तर सरकार अंग काढून घेते. त्यात हा कर पडतो तो घर बदलणाऱ्यावर. जमीन विकणारा बहुधा गरजेने विकतो, म्हणून असा कर गरजूला लागतो, हे अॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहिले. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. तेवढेच घर आज नव्याने घेणाऱ्याला मात्र सहा टक्के भरून दारातून आत यावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशाने २०१२ पासून हे शुल्क वीस वर्षांत हळूहळू संपवून जमिनीवरच्या वार्षिक करावर भार नेण्याचा मार्ग धरला. मला तोच न्याय्य वाटतो.

आक्षेपातले इतके सारे मान्य केले, तरी त्यातून खोट्या आकड्याचे समर्थन निघत नाही. अन्याय्य कर नाकारण्याची रीत या देशाने १९३० मध्ये जगाला दाखवली: गांधीजींनी मीठ उचलले ते दिवसाढवळ्या, व्हाइसरॉयला आधी पत्र लिहून, शिक्षेची तयारी ठेवून. किंमत लपवणारा याच्या उलट वागतो. उद्या कोणी घरावर हक्क सांगितला तर तो हेच खत घेऊन न्यायालयात जाणार असतो; कायद्याचे संरक्षण त्याला पूर्ण हवे असते, कायद्यापुढचे बोलणे अर्धेच खरे ठेवायचे असते. दर उघडपणे बदलतात हेही आपण पाहिले आहे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने शुल्क तीन टक्क्यांनी कमी केले आणि डिसेंबरअखेर नोंदणी कार्यालयांत झुंबड उडाली. रेकनरचा दर खऱ्या किमतीहून जास्त असेल, तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे अभिनिर्णय मागता येतो. ती वाट लांबची आहे, खर्चिक आहे, हे खरे. सरकारने ती सोपी करायला हवी, आणि शुल्काच्या बदल्यात मालकीची हमी देणारी नोंदणी उभी करायला हवी. ही मागणी खरी किंमत लिहिणाऱ्यांनी केली तर सरकारला ती टाळणे अवघड जाईल. ज्याच्या खतात ७५ आणि मनात १०० आहे, त्याला ती उघडपणे मांडताच येत नाही.