दररोजचें पाणी

शास्त्रपाठ : निर्गम, अध्याय १६, दानीएल, अध्याय ६



पुणें शहराच्या नैर्ऋत्येस मुठा नदीवर खडकवासला हें गांव आहे. तेथील दगडी धरण सन १८७९ च्या सुमारास पुरें झालें. इंग्रजी अमदानींत त्या जलाशयास फाइफ तलाव म्हणत. सह्याद्रीच्या डोंगरांत पडलेला पाऊस पानशेत, वरसगांव व टेमघर येथील धरणांतून उतरून येथें येतो, आणि येथून निघालेला कालवा पुणें शहरांतून पुढें जाऊन दौंड व इंदापूर तालुक्यांतील शेतांस पाणी पोहोंचवितो. ज्यांनीं रात्रीं कंदील घेऊन पाण्याचें दारें धरिलें आहे, अशा वाचकांस कालव्याची थोरवी आम्हीं सांगावयास नको. परंतु त्याच कालव्यापासून आत्मिक जीवनाविषयीं कांहीं शिकावयाचें आहे, तें आज आम्ही आपणांपुढें मांडूं इच्छितों.

आपल्या मंडळ्यांकडे पाहतां एक गोष्ट मनास खिन्न करिते. बाप्तिस्म्याच्या दिवशीं डोळ्यांत पाणी असतें. नाताळांत व वार्षिक सभेंत भजनाचा गजर रात्रभर चालतो. पण मांडव सुटला, कीं पुढील सभेपर्यंत कित्येक घरांत प्रार्थनेचा शब्द निघत नाहीं. मग एखाद्या रात्रीं मूल तापानें फणफणतें, आणि अनेक महिन्यांत प्रभूशीं एक शब्दही न बोललेलें घर घाबरून अंगाऱ्यासाठीं देवऋष्याकडे धांव घेतें. त्या घरास लोक लागलेंच अविश्वासी म्हणतात. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. त्या घराचा विश्वास खोटा नव्हता. तो कोरडा पडला होता. एका मुसळधार सरीवर ऊंस पिकत नाहीं. पाण्याची पाळी चुकतां कामा नये.

पहिली गोष्ट ही, कीं देव आपलें दान रोजच्या मापानें देतो. अरण्यांत इस्राएल लोकांस मान्ना मिळाला, तो दररोज सकाळीं वेंचावयाचा होता. शब्बाथासाठीं आदल्या दिवशीं दुप्पट घ्यावा, एवढीच सवलत होती. एरवीं ज्यांनीं उद्यांसाठीं सांठवून ठेविला, त्यांच्या मान्न्यांत किडे पडले. प्रभूनें शिष्यांस जी प्रार्थना शिकविली, तींतही भाकर मागावयाची ती आजची. गेल्या वर्षींच्या सभेंत मिळालेल्या आशीर्वादावर यंदाचें वर्ष काढूं पाहणारा मनुष्य शिळ्या मान्न्यावर जगूं पाहतो.

दुसरी गोष्ट सांगतांना एका भ्रमापासून सावध केलें पाहिजे. नेम व उपासतापास करून पुण्य जोडावें, ही समजूत आपल्या लोकांत जुनी आहे, आणि ख्रिस्ती झाल्यावरही ती मनांतून सहज निघत नाहीं. रोज प्रार्थना केली म्हणून देव आपला ऋणी होतो, असें मुळींच नाहीं. कालवा पाणी उत्पन्न करीत नाहीं. पाणी आकाशांतून आलें, फुकट आलें. कालवा तें शेतापर्यंत नेतो इतकेंच. तारण ख्रिस्तानें वधस्तंभावर सिद्ध केलें. रोजची प्रार्थना ही त्या तारणाची किंमत नव्हे. ती कृपा आपल्या वाफ्यांत आणणारी चारी आहे. पण चारीच बुजली, तर धरण तुडुंब भरलेलें असतांही शेत वाळतें.

हा कालवा ज्या दौंड तालुक्याकडे जातो, त्याच तालुक्यांत केडगांवीं पंडिता रमाबाईंचें मुक्ति मिशन आहे. साध्या स्त्रीपुरुषांस कळेल अशा सोप्या मराठींत पवित्र शास्त्र असावें, म्हणून त्या विदुषीनें प्रौढ वयांत इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि शेंकडों अनाथ मुली व विधवा यांचा सांभाळ करीत असतां वर्षानुवर्षें भाषांतर चालविलें. संपूर्ण शास्त्राचें भाषांतर उत्साहाच्या एका भरांत कोणासही करितां येत नाहीं. तें ओवीमागून ओवी, दिवसामागून दिवस, असेंच होतें. सन १९२२ च्या एप्रिल महिन्याच्या ५ तारखेस रमाबाई प्रभूकडे गेल्या, तेव्हां तें काम पुरें झालेलें होतें. कोणी म्हणेल, त्या पंडिता होत्या, आम्ही नांगर धरणारीं माणसें. खरें आहे, बुद्धि त्यांस अधिक मिळाली होती. पण दिवस त्यांसही चोवीस तासांचाच होता.

तिसरी गोष्ट, विश्वास बहुधा लहान भोंकांतून गळतो. सन २०१८ च्या सप्टेंबर महिन्याच्या २७ तारखेस पुण्यांत दांडेकर पुलाजवळ या कालव्याची भिंत फुटली, आणि गरिबांच्या वस्तींत पाणी शिरून अनेकांचे संसार वाहून गेले. उंदीर, घुशी व खेकडे यांनीं पाडलेल्या बिळांमुळें भिंत कमकुवत झाली, असें कारण तेव्हां सरकारच्या वतीनें सांगण्यांत आलें. तें कारण पुरेसें असो वा नसो, बांध फोडावयास हत्ती लागत नाहीं, हें प्रत्येक शेतकरी जाणतो. आज कंटाळा आला, उद्यां पाहुणे आले, परवां भावाशीं भांडण झाल्यामुळें प्रार्थना करवली नाहीं. हीं सर्व खेकड्याचींच बिळें होत.

आणि पूर सांगून येत नाहीं. सन १९६१ च्या जुलै महिन्याच्या १२ तारखेस पानशेतचें काम अपुरें असलेलें धरण फुटलें. त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणही फुटलें, आणि पुण्यांतील नदीकांठच्या वस्त्या पाण्याखालीं गेल्या. पानशेतचा बांध सांवरावा म्हणून लष्कराच्या जवानांनीं जिवावर उदार होऊन वाळूचीं पोतीं रचिलीं होतीं. त्यांच्या श्रमानें लोकांस थोडा अवधि मिळाला, पण धरण वांचलें नाहीं. संकटाच्या रात्रीं मारलेली हांकही प्रभु ऐकतो, यांत संशय नाहीं. तथापि पाया घालावयाचा तो कोरड्या दिवसांतच. दानीएलाकडे पाहा. राजाचा हुकूम निघाला, तेव्हां त्यानें नवीन कांहीं आरंभिलें नाहीं. तो पूर्वीं करीत असे त्याप्रमाणेंच यरुशलेमेकडील उघड्या खिडकीशीं दिवसांतून तीनदां गुडघे टेंकून प्रार्थना करीत राहिला. सिंहांच्या गुहेंत जाण्याचें धैर्य त्या खिडकीशीं, साध्या दिवसांत, तयार झालें होतें.

तर मग काय करावें? आम्ही जड ओझें सांगत नाहीं. सकाळीं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीं प्रभूची प्रार्थना म्हणावी. आठवड्यास शास्त्रांतील एक ओवी पाठ करावी. ज्यांस वाचतां येत नाहीं, त्यांस मुलांनीं वाचून दाखवावी. दिवेलागणीस सर्व घरानें एकत्र बसून एक गीत गावें, एक प्रार्थना करावी, आणि त्या दिवशीं ज्याच्याशीं बोलणें तुटलें त्याचें नांव तींत घ्यावें. स्वयंपाकापूर्वीं एक मूठ धान्य प्रभूसाठीं बाजूस काढावें. मिझोरामांतील मंडळ्यांच्या स्त्रिया अशीच तांदुळाची मूठ काढीत आल्या आहेत, आणि त्या मुठींतून तेथें सुवार्तेच्या कार्यास मोठें साहाय्य झालें आहे.

प्रचारक बंधूंनो, हें लोकांस सांगण्यापूर्वीं आपल्या चुलीपाशीं पाहा. दुसऱ्यांच्या शेतास पाणी देतां देतां आपलाच वाफा कोरडा राहूं नये. आणि ज्याचा एखादा दिवस चुकला, त्यास रागें भरूं नका. पाळी चुकली म्हणून कोणी शेत विकत नाहीं. तो पुढच्या पाळीस फावडें घेऊन उभा राहतो.

जो प्रभु कोमल काडी चेंचीत नाहीं व मिणमिणती वात विझवीत नाहीं, तो आपल्या लहान आरंभास तुच्छ मानणार नाहीं. आज सायंकाळीं दिवा लागेल, तेव्हां आपल्या घरांत आरंभ होवो. आणि तो देव आपणांस प्रतिदिनीं पुरेल इतकी कृपा देवो. आमेन.