खिशातले पिस्तूल आणि गळ्यातली माळ

माळकऱ्याने स्वसंरक्षणासाठी खिशात पिस्तूल बाळगावे की बाळगू नये? हा प्रश्न काही काळापूर्वी कुणी पारावर काढला असता तर चार माणसांनी तो हसण्यावारी नेला असता. आज तशी स्थिती राहिलेली नाही. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, कांद्याची पट्टी घेऊन रात्री घरी निघालेला व्यापारी, उसाच्या कडेला एकट्या वस्तीवर राहणारा शेतकरी, महामार्गावरचा पेट्रोलपंपवाला, ही मंडळी आपसात विचारपूस करतात की, बाबा रे, लहानसे, खिशात मावणारे आणि परवडणारे असे कोणते घ्यावे? यांतल्या कित्येकांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आषाढीला ते दिंडीत चालतात. तेव्हा या प्रश्नाचा खल आपण केला पाहिजे.

प्रथम पूर्वपक्ष नीट ऐकू. तो भित्र्या माणसाचा कांगावा नव्हे. २००१ च्या जानेवारीत पाथर्डी तालुक्यातल्या कोठेवाडीवर दरोडेखोर आले आणि त्यांनी बायामाणसांवर जे अत्याचार केले ते आठवले की आजही मान खाली जाते. २०१८ च्या एकाच एप्रिल महिन्यात, ७ तारखेला केडगावात आणि २८ तारखेला जामखेडात, गोळ्या झाडल्या गेल्या आणि प्रत्येक ठिकाणी दोन दोन माणसे गेली. असे ऐकल्यावर घरात तरण्या लेकीसुना असलेला बाप रात्री कूस बदलत पडला तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे?

शिवाय तो बाप आपल्याच घरचा आधार काढतो. तो म्हणतो, "बुवा, तुकोबारायांनी दया सांगताना नुसता भूतमात्रांचा सांभाळ सांगून सोडला नाही. दुष्टांचा बंदोबस्त हाही त्यांनी दयेतच धरला. पाईकाचे अभंग त्यांनीच केले. मग मी काय चुकीचे विचारतो?" बरोबर आहे. आपला संप्रदाय दुबळेपणाला अहिंसा म्हणत नाही. देशाचा कायदाही असे म्हणत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचे व मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क मान्य करतात. मात्र त्या हक्काला मर्यादा आहे. रक्षणाला लागेल त्यापेक्षा अधिक इजा करायची नाही, आणि सरकारी संरक्षण मिळवण्याइतका अवधी असेल तर हा हक्कच उरत नाही.

येथवर पूर्वपक्ष मान्य. आता त्याच्या मागणीतले एकेक विशेषण हातात घेऊन पाहू, कारण खरी गोम तिथेच आहे.

पहिले विशेषण 'परवडणारे'. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्यावाचून पिस्तूल जवळ ठेवता येत नाही. परवाना मागितला म्हणजे मिळतो असेही नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पोलिसांचा अहवाल मागवला जातो, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घ्यावे लागते. निवडणूक आली की परवान्याचीही शस्त्रे जमा करण्याचे हुकूम निघतात. ९ मिलिमीटरसारखे बोअर सामान्य नागरिकाला बंद आहेत, म्हणून बहुधा .३२ वर थांबावे लागते. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचे एक हलके रिव्हॉल्वर काढले. वजन अर्धा किलोच्या आसपास, बायकांच्या पिशवीतही मावावे असे. त्याची तेव्हाची किंमतच सव्वा लाखाच्या घरात होती. म्हणजे सरळ मार्गाने गेले तर 'स्वस्त' हा शब्द गळून पडतो.

मग स्वस्त ते कोणते? तो गावठी कट्टा. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपड्यापलीकडे मध्य प्रदेशच्या हद्दीतले उमर्टी हे गाव या धंद्याबद्दल बदनाम आहे आणि तिकडून येणारा माल आपल्या जिल्ह्यातही पकडला जातो. असला कट्टा केव्हा हातातच फुटेल याचा नेम नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो नुसता जवळ सापडला तरी किमान दोन वर्षांची शिक्षा सांगितली आहे. पण कायद्याचे भय क्षणभर बाजूला ठेवू. मोठी गोष्ट अशी की, ज्या दुकानात दरोडेखोर गिऱ्हाईक, त्याच दुकानात आपणही गिऱ्हाईक झालो! आपल्या पैशाने ती भट्टी पेटती राहिली. पुढचा कट्टा तिथून निघून कोणाच्या हाती जाईल? ज्याच्या भयाने आपण घेतला त्याच्याच. चोराच्या भयाने चोराचा धंदा चालवायचा, याला संरक्षण कसे म्हणावे?

दुसरे विशेषण 'लहान'. शस्त्र लहान झाले म्हणून त्याने होणारे मरण लहान होत नाही. उलट नळी आखूड असली की नेम धरणे अवघड जाते, आणि सरावावाचून दहा पावलांवरचाही नेम चुकतो. चुकलेली गोळी कुठेतरी जातेच. अंधारात ओसरीवर पाऊल वाजले. तो चोर, की कारखान्यावरून रात्रपाळी करून परतलेला आपलाच मुलगा? हे ओळखायला जेवढा वेळ लागतो तेवढाही वेळ भ्यालेला हात देत नाही. कंदील मोठा करून "कोण रे?" म्हणायला मात्र तो वेळ पुरतो.

तिसरे विशेषण सर्वांत जड, 'रोज जवळ बाळगायचे'. आपल्याकडे सैनिक पुष्कळ. नगरला रणगाडा दलाचे केंद्रच आहे आणि फौजेत राहून माळ सांभाळणारे कितीतरी वारकरी आहेत. सैनिकाच्या हातातही शस्त्र असतेच, मग फरक काय? सैनिकाचे शस्त्र त्याच्या रागाच्या हुकमात नसते. ते कर्तव्यापुरते हाती येते आणि काम संपले की मोजून शस्त्रागारात परत जाते. खिशातले पिस्तूल परत कुठेच जात नाही. ते बाजारात येते, लग्नाच्या मांडवात येते, बांधावर येते. आणि सज्जनहो, आपल्या जिल्ह्यात माणसाचे रक्त जितके दरोड्यावरून तापते त्याहून अधिक बांधावरून तापते, हे कुणी नाकारील काय? भाऊबंदकीत काठी उगारली तर मध्ये कुणी पडतो, हात धरतो, संध्याकाळी दोघांना बोलावून समजूत घालतो. गोळीचा हात कोण धरणार? दरोडेखोर कदाचित जन्मात एकदाही यायचा नाही. राग मात्र रोज येतो. ज्याच्यासाठी घेतले तो आला नाही म्हणून पिस्तूल वाट पाहत बसत नाही.

नेवाशाला प्रवरेच्या काठी शके १२१२ मध्ये ज्ञानोबारायांनी गीतेचा अर्थ सांगितला. तेराव्या अध्यायात अहिंसा आली तेव्हा माउलींनी ती अशी विस्ताराने सांगितली की अहिंसकाची चाल, बोलणे, पाहणे, फार काय त्याचे हातसुद्धा वर्णन केले. त्या वर्णनाचे सार एवढेच की, असे हात दुसऱ्याला धीर द्यायला पुढे होतात. आता बघा, रोज पिस्तूल बाळगणाऱ्याचा हात काय शिकतो? गर्दीत धक्का लागला की तो आधी खिसा चाचपतो. समोर अनोळखी माणूस आला की मनात प्रथम येते, हा कोण, याचा डाव काय? वारीत आपण अनोळखी माणसाला माउली म्हणून त्याच्या पाया पडतो. एकच हात दोन्ही शिकेल काय?

सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना होते आणि त्यात पहिला मान अभयाला आहे. अभय म्हणजे शस्त्राच्या भरवशावर आलेली धिटाई नव्हे, कारण शस्त्र घरी विसरले की ती धिटाईही घरीच राहते. अभयाला दोन अंगे आहेत. आपल्याला कुणाचे भय नाही, आणि आपले कुणाला भय नाही. पिस्तूल पहिल्याची नक्कल कशीबशी करील, दुसरे मात्र ते समूळ घालवते.

यावर कोणी म्हणेल, ही संतांची पायरी, आम्हा संसारी माणसांना कशी जमावी? महात्माजींवर २० जानेवारी १९४८ रोजी बॉम्बचा प्रयत्न झाला तरी प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेऊ देण्यास त्यांनी नकार दिला. ३० तारखेला असेच एक लहानसे, कपड्यात लपणारे पिस्तूल चालले. अभयाने प्राण वाचतोच, असे आपण म्हणू नये. ते खोटे ठरेल. पण १९६० च्या मे महिन्यात विनोबा चंबळच्या खोऱ्यात हाती काही न घेता फिरले आणि डाकूंनी येऊन त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या, हेही तितकेच खरे. दोन्ही ठिकाणी शस्त्राने माणूस मोठा झाला नाही.

मग संसारी माणसाने करायचे काय? चार गोष्टी आपल्या आटोक्यातल्या आहेत. रोकड घेऊन रात्री एकट्याने निघू नये, पैसा बँकेतून फिरवावा. वस्तीवर दिवा, कुत्रे आणि भक्कम दार असावे. ग्रामसुरक्षा दलाची गस्त कागदावर न ठेवता पाळीने घालावी. एका फोनने सबंध गावाला खबर देणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा आपल्या भागात आहे, तीत आपला नंबर घालावा. आणि शेजाऱ्याशी बोलणे टाकलेले असेल तर ते आधी चालू करावे. संकटाच्या रात्री पहिली हाक त्यालाच ऐकू जायची असते.

एवढे करूनही एखाद्यावर खरेच जिवाचे संकट असेल, धमक्या येत असतील, तर त्याने पोलिसांत जावे. परवाना मिळाला आणि शस्त्र घेतले तर त्याला पापी म्हणण्याचे कारण नाही. पण त्याने ते ओझे म्हणून घ्यावे, मिरवण्याचा दागिना म्हणून नव्हे. रीतसर शिकावे, पोराबाळांच्या हाती लागणार नाही असे कुलपात ठेवावे, लग्नात बार काढू नये, रागाच्या दिवशी त्याला हात लावू नये, आणि संकट टळले की ते परत करून मोकळे व्हावे. वारीला निघताना तर ते बरोबर नकोच.

विष्णूच्या हाती चक्र आहे, गदा आहे. तोच पंढरीला पुंडलिकासाठी आला तेव्हा शंख आणि कमळ तेवढे घेऊन, हात कटेवर ठेवून उभा राहिला. चक्र त्याला चालवता येत नव्हते थोडेच? भक्ताच्या दारी येताना ते आणायचे नसते, इतकाच त्याचा अर्थ. आपल्या खिशात काय असावे हे ठरवताना त्याचे हात एकदा डोळ्यांपुढे आणावे. रामकृष्णहरि.